तड्यावरच्या काचेआतली विभूती

ज्याला पटणार नसेल त्याने इथूनच मागं फिरावं. मनधरणी करायची मला सवय नाही. शाळा मी चौथीत सोडली, पण डोळे आणि कान काही तिथं ठेवून आले नव्हते.

यंदाचा वैशाख. सोलापूर, अक्कलकोट रोड. वेळ भर दुपारची.

भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी आमची दुपार बघितलेली नाही.

माझा थोरला अमरेश स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घर दिसेल कसं ते दुसरे बघतात. उभं राहील का, ते माझा लेक बघतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडपासून श्रीपूरकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत त्याच्या सहीवर माणसं निवांत झोपतात.

माझी धाकटी बहीण रत्नम्मा राहते त्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, तिच्याच हॉलमधल्या कॉलमजवळ तडा गेला. अमरेशने सगळी बिऱ्हाडं बाहेर काढली. तड्यावर काचेची पट्टी चिकटवली आणि चारी कडा लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बंद केल्या.

तडा हलला, तर काच फुटते. अशी त्यांची रीत.

कुलूप अमरेशचं. किल्ली माझ्या कमरेला. रत्नम्मा, तिचा नवरा आणि लेक दानेश्वरी माझ्या घरी. पोरीचं लग्न तोंडावर आलेलं.

काच बघायला अमरेश निघाला, तशी मीही निघाले.

"अव्वा, तू गाडीत बस."

"बसून काय करू? तुझ्या गाडीची राखण?"

कुलूप जसंच्या तसं होतं.

आत पंखा नाही. माणूस नाही. बाहेरचा कावळासुद्धा ऐकू येईना.

आणि मग...

खस... खस...

विभूतीचा खडा तळहातावर घासल्याचा आवाज. तो मी झोपेतही ओळखीन. माझे मालक रोज सकाळी पूजेला बसताना घासायचे.

मालक जाऊन बरीच वर्षं झाली.

काचेवर तीन पट्टे होते. आडवे, पांढरे. तीन बोटांचे.

"हे त्या बसलिंगप्पाचं काम," मी म्हणाले. बसलिंगप्पा म्हणजे सोसायटीचा चेअरमन. बिल्डिंग कधी उघडते म्हणून रोज फोन करायचा.

पदराने पुसलं. जाईना. थुंकी लावून घासलं. जाईना.

अमरेशने काचेवरून नख फिरवलं. त्याचा हात तिथंच थांबला.

"अव्वा... राख आतनं हाय."

आम्हां लिंगायतांना विभूतीची भीती नाही. रोज कपाळी लावतो. पण माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, आंघोळ घालतात, कपाळी शेवटची तीन बोटं ओढतात. मग माती देतात.

ही बोटं कुणासाठी ओढली होती?

तेवढ्यात मागून बसलिंगप्पा आला. "काच फुटली का, सायेब?"

"न्हाय."

"मंग करा की सही! लोकांनी किती दिस पावण्याकडं ऱ्हायचं?"

अमरेशने पेन काढलं.

"थांब," मी म्हणाले. "काच अखंड हाय म्हंजे तडा हलला न्हाय, व्हय ना? मंग आत तीन बोटं गेली कुटनं?"

 माझ्या शिकलेल्या लेकाने पेन खिशात ठेवलं.

"आता इंजिनिअरची आई बी इंजिनिअर!" बसलिंगप्पा हसला.

"त्याला मी जन्म दिलाय. तुमच्या चेअरमनकीला कुणी दिला, ते सांगा."

बसलिंगप्पाने दुसरा इंजिनिअर आणला. त्याने सही केली. लोक परतले. रत्नम्माही निघाली.

"अक्का, पोरीची हळद आपल्या घरात नको का?"

"जा. पण मला बोलवू नगंस."

हळदीला मी गेले नाही. दुपारी दानेश्वरीने फोनवर फोटो पाठवला. सगळे त्याच कॉलमसमोर उभे.

सगळ्यांच्या कपाळावर तीन पांढरी बोटं...

बायकांच्या. तान्ह्या लेकराच्या. मांडव घालायला आलेल्या मुसलमान बाशाच्यासुद्धा.

मी फोन लावला. "विभूती कुणी लावली गं?"

"कुटली विभूती, मावशी? आज तर हळद हाय की!"

मी अमरेशला गाडी काढायला लावली.

दानेश्वरी दारात आली. पिवळीधमक. हसत होती.

"चल. भाईर ये."

"मावशी, हळद लागलेल्या पोरीनं उंबरा वलांडायचा न्हाय. तुमीच सांगता की!"

खरं होतं. मीच सांगते. घरातल्या एकाही पोरीला मी ही रीत मोडू दिलेली नाही.

मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं.

पोरगी हसतच होती. अंग सैल होतं. पाय हलके होते.

तरी ती येईना.

आतून कुणीतरी तिला धरलं होतं... आणि तिच्या मागं कुणीच नव्हतं.

अमरेशनेही हात घातला. दोघांनी जोर लावला, तेव्हा ती माझ्या अंगावर येऊन पडली.

तिच्या दुसऱ्या मनगटावर राख होती.

बोटांची.

लग्न माझ्या दारात लावलं. रत्नम्माला आणि तिच्या नवऱ्याला मी परत जाऊ दिलं नाही, ती दोघं माझ्याकडंच असतात. तो फ्लॅट बंद आहे. बाकीचे लोक तिथंच राहतात, ऐकत नाहीत. काच अजून अखंड आहे. गावात बोलतात, अमरेश आईला विचारून सही करतो. बोलू देत.

दानेश्वरी मैंदर्गीला सासरी सुखात आहे, असं मी परवापर्यंत समजत होते.

परवा दुपारी तिचा फोन आला.

"मावशी, मी घरी निगाली."

"कुटल्या घरी गं?"

"आमच्या. आईचा आत्ताच फोन आला. म्हनली, तू एकटीच ऱ्हायलीस भाईर, लवकर ये."

रत्नम्मा माझ्यासमोर बसून शेंगा फोडत होती. तिचा फोन दिवाणावर पडला होता. सकाळपासून बंद.

मी जावईबापूंना फोन करून दाराला कडी घालायला लावली.

आता रोज दुपारी मी मैंदर्गीला फोन लावते. पलीकडून कोण बोलतंय, याची आधी खात्री करून घेते...

मगच पोरीचं नाव घेते.