सहा नंबरची हजेरी

वायफाय बंद पडलं की आधी माझ्याकडं बघायचं, ही या घराची रीतच झाली आहे. आजही शुभांगी, माझी नात, लॅपटॉप मांडीवर घेऊन ओसरीत बसली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, तुमी राउटरला हात लावला का?" नाही लावला. "मग लाल दिवा का लागलाय?" मला काय विचारतेस, दिव्याला विचार. आता ती आणि तिची दोन चुलत भावंडं माझ्या खाटेभोवती बसलीत आणि म्हणतात, ती वायरलेसवाली गोष्ट सांगा. मला सांगायची नाही. ती सांगितली की यांना झोप लागते आणि मी पहाटेपर्यंत आढ्याकडं बघत पडतो. पण हात लावल्याचा आळ घेतलाच आहे, तर ऐका. मधे बोलायचं नाही. मोबाईल पालथे ठेवा.

हे घडलं भीमराज नावाच्या एका पोराच्या बाबतीत. मी नुसता बाजूला होतो. म्हणून तर सगळं माझ्या अंगावर आलं.

तेव्हा मी कारखान्याच्या गट ऑफिसवर वॉचमन होतो. शेवगाव रोडला, फाट्याच्या पुढं, माळावर एक पत्र्याची खोली आणि बाजूला चाळीस फुटी लोखंडी खांब. कुणाचा ऊस तुटला, किती गाड्या निघाल्या, हे सगळं त्या खोलीतून वायरलेसवर कारखान्याला सांगायचं. अशी दहा ऑफिसं होती, दहांना दहा नंबर. रोज रात्री आठला कारखान्यातून आरती मॅडम हजेरी घ्यायच्या. "एक?" "एक हजर." "दोन?" "दोन हजर." आमचा नंबर सहा.

सहाचा ऑपरेटर सूर्यभान. बारीक माणूस, बारा महिने खाकी स्वेटर. उजव्या हाताची करंगळी लहानपणी गुऱ्हाळाच्या चरकात गेलेली.

खांबाच्या टोकाला अँटेना होता, मासळीच्या काट्यासारखा. वाऱ्यानं तो फिरला की आवाज जायचा. मग एकानं पान्हा घेऊन वर चढायचं आणि काटा फिरवायचा. दुसऱ्यानं खोलीत मीटरपाशी बसायचं. वरचा विचारणार, "आलं का?" खालचा म्हणणार, "न्हाई, आजून थोडं." तुमच्या टीव्हीचं पूर्वी व्हायचं तसंच. पण आलं म्हटलं की लगेच उतरायचं नाही. नट आवळताना काटा परत हलतो. म्हणून वरच्यानं नट आवळून विचारायचं, "उतरू?" आणि ज्यानं चढ म्हटलं असेल, त्यानंच उतर म्हणायचं. तोवर वरच. हा सूर्यभानचा नियम, आणि नियमाला तो घोरपडीसारखा चिकट.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत एका सांजेला वारं सुटलं आणि आवाज गेला. आमच्या गटाचा ओव्हरसियर जीप घेऊन आला. त्याचं नाव शेवटी सांगतो, आत्ता तोंड खराब करत नाही. तो म्हणाला, "सूर्यभान, चढ." सूर्यभान चढला. मी मीटरपाशी.

"आलं का?"

"आलं!" मी म्हणालो.

तेवढ्यात साहेबानं हाक मारली, "सहादू, जीपची काच पूस."

"साहेब, वर मानूस हाय."

"आसू दे की. दोन मिन्टात पडतोय व्हय तो? ये इकडं."

गेलो. काच पुसली. मग साहेबाला पाणी लागलं. मग पान लागलं. पानासाठी मी फाट्यापर्यंत चालत गेलो. परत आलो तर साहेब जीपमध्ये मान टाकून घोरत होता, आणि खांबाच्या बुडाशी सूर्यभान, वरून पडून मेलेला. पान्हा मुठीत तसाच. तासभर गारठ्यात वर धरून होता तो. त्याला उतर असं कुणी म्हटलंच नव्हतं.

रिपोर्टात साहेबानं लिहिलं, 'वॉचमन जागेवर नव्हता.' नव्हतोच मी. का नव्हतो, एवढं लिहायचं राहिलं.

पुढं सहाला ऑपरेटर आला नाही. सेट चालू असायचा, बोलायला माणूस नव्हता. पण आरती मॅडम रात्री आठला "सहा?" म्हणायच्याच. मग एक श्वास गप्प राहायच्या. मग "सात?" म्हणायच्या. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि करू नका म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मी अंधारात बसून ऐकायचो. दोन वर्षं.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत भीमराज आला. शेजारच्या गावचा, बौद्धवस्तीतला पोरगा, नगरला कॉम्प्युटर शिकलेला. कारखान्यानं त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. त्याच्याकडं लॅपटॉप. आमच्याकडं त्याला घडीचा कॉम्प्युटर म्हणायचे, बाया बघायला यायच्या. तो लॅपटॉप एका डब्याला जोडायचा, डबा वायरलेसच्या सेटला, आणि सेटची तार वर काट्याला. बटणांच्या पट्टीवर आकडे दाबले की ते तसेच्या तसे हवेतून कारखान्यात. बोलायचं कामच नाही.

सहा नंबर नको म्हणून साहेबानं नवा नंबर दिला, अकरा.

अकरा काही लागेना. तीन दिवस. भीमराजनं लॅपटॉप बंद करून चालू केला, सेट बंद करून चालू केला. बॅटरीच्या टोकांना हिरवट बुरशी आली होती, ती खरवडली. तार उंदरानं कुरतडली का, हे हात लावून लावून बघितलं. डबा बदलला. लॅपटॉपच्या कोपऱ्यात चार रेघा होत्या. जोडणी झाली की त्या भरायच्या. एक पण भरेना.

मग सुरू झालं. साहेब म्हणाला, "यंत्र आलं तर वॉचमनची गरज काय, ही भीती हाय याला. तारा ढिल्या करनारा हाच." भीमराजनं त्या संध्याकाळी निघताना तारेच्या जोडाला गुपचूप काळा दोरा बांधला. मी सोडतो का बघायला. मी बघितलं ते. मला वाटत होतं, या पोराला काही येत नाही, सर्टिफिकेट कुठूनतरी आणलंय. तो मला चोर समजत होता, मी त्याला भोंदू. एकाच चहाच्या किटलीतून पीत होतो.

शनिवार, सोळा जानेवारी एकोणीसशे नव्व्याण्णव. संक्रांत होऊन दोन दिवस झालेले, दुसऱ्या दिवशी अमावस्या. रविवारी सकाळी नवाला चेअरमन जोडणी बघायला येणार होते. सकाळच्या एसटीनं मी शेवगावला गेलो, चार्जिंगला दिलेली बॅटरी आणली, सिल्व्हर रंगाचा डबा आणला. चेअरमनला खांब चकचकीत दिसला पाहिजे, हा साहेबाचा हुकूम. शिडी लावून पंधरा फुटांपर्यंत खांब रंगवला. सूर्य बुडेपर्यंत तेच केलं.

सातला साहेब निघाला. जीपमध्ये बसून म्हणाला, "सहादू, सकाळी जोडनी दिसली न्हाई, तर तुजं नाव पोलिसात. तार चोरली म्हनून. मग तुज्या पोरीची सोयरीक कोन करतं बघू."

शुभांगे, ती पोरगी म्हणजे तुझी आत्या. चोराची लेक कोण करून घेणार होतं?

पावणेआठ झाले. थंडी होती म्हणून दार लावून घेतलेलं. खोलीत आम्ही दोघंच. भीमराजनं दोरा तपासला. जसाच्या तसा होता. माझ्याकडं बघून खाली मान घातली.

"बाबा, चुकलं माजं," तो म्हणाला.

बघा, विशीतला पोरगा. त्याला म्हणता आलं.

मग म्हणाला, "एकच राहिलंय. हा डबा सहा नंबरवर लावून बघतो."

"नको."

"का? रिकामा तर हाय."

"रिकामा न्हाई त्यो. रोज पुकारत्यात त्याला."

"बाबा, तुमचं नाव वाचवायचंय का न्हाई?"

मी गप्प बसलो. ते पाप माझ्यावर आहे.

त्यानं सहा लावला. रेघा रिकाम्याच.

आठ वाजले. सेट खरखरला. आरती मॅडम. "एक?" "एक हजर." दोन. तीन. चार. पाच.

"सहा?"

गप्प. रोजच्यासारखं.

आणि बाहेर खांब वाजला.

टण.

लोखंडावर लोखंड. थोड्या वेळानं परत. टण... आधीपेक्षा वर.

भीमराजचं ध्यान कॉम्प्युटरमध्ये. एक रेघ भरली. दुसरी. तो नुसता डोळे लावून बसलेला. तिसरी. वरून, पत्र्याच्याही वरून, आवाज आला.

"आलं का?"

चौथी भरली.

"आलं!" भीमराज ओरडला. सवयीनं. तुम्ही पण ओरडला असता. वरून विचारलं की खालच्यानं सांगायचंच.

मग त्याची मान वळली. त्याला वाटलं होतं, मी वर आहे.

मी त्याच्या शेजारी होतो. पोत्यावर. हातात कप.

बाहेर नट आवळल्याचा आवाज. कर्रर... कर्रर... मग थांबला.

सेटवर आरती मॅडम. आवाज बारीक झालेला. "सहा... सहा, आवाज स्पष्ट." मग घाईघाईनं, "सात?"

आमच्यापैकी कुणी सेटवर बोललं नव्हतं.

आणि वरून, हळू...

"उतरू?"

भीमराजनं माझं मनगट धरलं. मी तोंड उघडलं. शब्द येईना.

"...उतरू?"

दार बंद. दिवा चालू. रेघा चारच्या चार भरलेल्या.

तिसऱ्यांदा विचारलं नाही. आम्ही वाट बघत राहिलो. खांबावरून उतरल्याचा आवाज... तो आला नाही.

उजाडेपर्यंत आम्ही बसून. भीमराजनं माझं मनगट सोडलं तेव्हा बोटांचे वळ उठलेले.

सकाळी साहेब आला. जोडणी लागलेली. आकडे दाबले की कारखान्यातून उलट निरोप येत होता. साहेब खूश. मग तो खांबापाशी गेला आणि तिथूनच ओरडला, "सहादू! राती वर कोन चढलं?"

रंग थंडीनं वाळला नव्हता. त्याच्यावर हात उमटलेले. एकावर एक, बुडापासून पंधरा फुटांपर्यंत, जिथं रंग संपतो तिथवर. वर जाणारे. डाव्या हाताची बोटं पूर्ण. उजव्याला अंगठा आणि तीनच.

"तूच चढलास," साहेब म्हणाला. "तीन दीस तूच काटा फिरवत हुतास. राती गपचीप सरळ केलास."

भीमराज मधे पडला, "साहेब, बाबा माज्याजवळ हुते. रातभर."

"दोगं मिळालेले तुमी."

मी दोन्ही हात त्याच्या नाकापुढं धरले. "मोजा बोटं. आन साहेब, हे हात वर गेलेले दिसत्यात. खाली आलेले कुठं हायेत? मी चढलो आसतो तर आजून वरच आसतो."

त्यानं बोटं मोजली. खांबावरची पण मोजली. मग त्यानं मान वर करून काट्याकडं बघितलं... आणि चटकन खाली घातली. एवढंच म्हणाला, "रंग मार परत. चेअरमन यायच्या आत."

मी ब्रशला हात लावला नाही. चेअरमन आले, कॉम्प्युटर बघितला, तिळगूळ खाऊन गेले. खांबाकडं कुणी बघितलं नाही. महिन्याभरात मला काढलं. कागदावर कारण लिहिलं, 'अविश्वासू वर्तन.' भीमराजनं आपणहून सोडलं. आता पुण्यात मोठा साहेब आहे, पण घरात अजून वायरचंच नेट ठेवतो. बायको चेष्टा करते, हा हसत नाही.

ते ऑफिस बंद पडलं. खोलीचे पत्रे गेले. खांब आहे. फाट्यावरून दिसतो. रंग विटला, गंज आला, पण हातांची जागा गंजली नाही. वर जाणारे. उतरणारा एक पण नाही.

मी गेलो होतो खाली उभा राहायला. एकदा नाही, पुष्कळदा. म्हणालो, "सूर्यभान, उतर." वारं सुद्धा हललं नाही. का हलेल? त्याला चढ म्हणणारा मी नव्हतो. ज्यानं चढ म्हटलं, त्यानंच उतर म्हणायचं.

तो माणूस अजून जिवंत आहे. शेवगावला बंगला आहे, सकाळी काठी घेऊन फिरायला जातो, पण फाट्याच्या अलीकडूनच माघारी वळतो. खांबाखाली त्यानं 'उतर' हा एक शब्द बोलायचा आहे, आणि माझ्यापुढं 'चुकलं' हा एक, जो भीमराजला विशीत म्हणता आला. दोन्ही राहिलेत. त्याचं नाव बिभीषण दहिफळे.