चार बोटांची जागा

तिवस्यात नागपूर रोडला खुशालरावांचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, भिंतीला टांगलेले पाने आणि मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा. गाडी फाटकातून आत येत असली की खुशालराव डोळे मिटून उभे राहत आणि ती थांबायच्या आत सांगून मोकळे होत, बॉल जॉइंट गेला किंवा शॉकअपचं माउंटिंग बसलं. अमरावतीच्या मोठाल्या वर्कशॉपांना न सापडलेले आवाज लोक त्यांच्याकडे घेऊन यायचे. आणि अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीचं डावं चाक दोन वर्षं वाजत होतं. चहाच्या टपरीवर त्यावरून त्यांची मनसोक्त टिंगल व्हायची.

गाडी दोन हजार चार सालची, लहानशी, पांढरी. आवाज मोठा नव्हता. चाक खड्ड्यातून वर आलं की अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा एकच, कट्. खुशालरावांनी लिंक रॉड बदलला, बॉल जॉइंट बदलला, दोन्ही शॉकअप नवे घातले. फक्त लोअर आर्मच्या बुशला हात लावला नाही.

बुश म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मच्या मुळाशी बसवलेलं रबर. त्याचा एक हट्ट असतो. ज्या उंचीवर बोल्ट कसाल, तीच उंची ते धरून बसतं. गाडी जॅकवर लटकती ठेवून कसलं तर जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि कुरकुरतं. म्हणून चाकं टेकवायची, गाडीत नेहमीचं वजन ठेवायचं आणि खड्ड्यात उतरून कसायचं. बाकीचे मिस्त्री सीटवर एखादं पोतं टाकतात. खुशालरावांचं नेहमीचं वजन म्हणजे वच्छला, त्यांची बायको.

वच्छला फुलांच्या मळ्यात वाढलेली. पहाटे झेंडू तोडून अमरावतीच्या बाजारात न्यायची, ते याच गाडीतून. पुढच्या डाव्या सीटवर बसायची तिची एक रीत होती. आधी टोपली पायाशी ठेवायची, मग आपण बसायची. खड्ड्यातून खुशालरावांना गाडी दोनदा वाकलेली दिसायची, एकदा जराशी, एकदा चांगली. मग ते वर येऊन चाक आणि मडगार्डच्या फटीत बोटं घालून बघायचे. रिकामी गाडी पाच बोटं, वच्छला बसली की चार. पुन्हा खाली उतरून ते बोल्ट कसायला लागले की वरून तिचा आवाज यायचा, "झालं का अवो? का म्या इथंच म्हातारी होऊ?"

म्हातारी व्हायचं काही तिच्या नशिबी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, चुलीवर चहा ठेवता ठेवता ती गेली. तेरवीनंतर खुशालरावांनी गाडी बाहेर काढली आणि फाटकापाशीच पहिल्यांदा कट् झालं.

त्यांना तेव्हाच कळलं होतं. रबर अजून चार बोटांवर बसलेलं होतं आणि सीट रिकामी होती. उपाय दहा मिनिटांचा. पण तो बोल्ट सोडून रिकाम्या सीटवर पुन्हा कसायचा म्हणजे ती आता कधीच बसणार नाही हे आपल्याच हातानं पक्कं करायचं. तेवढं त्यांच्यानं होईना. तिची आठवण आली की ते मुद्दाम खराब रस्त्यानं गाडी काढत.

कार्तिकात मुलगी आली. वर्षाली अकोल्याला जुन्या शहरात दिलेली, पण वाढलेली याच शेडमध्ये. तिला थापा मारणं सोपं नव्हतं. तिनं गाडीखाली एकदा डोकं घातलं आणि विचारलं, "बाबा, सगळं नवं घातलं, मंग बुश काहून सोडला?"

"चांगला हाये तो."

"चांगला हाये त आवाज कायचा येते?" आणि मग तिनं मनातलं सांगूनच टाकलं. "आवाज बंद करा, गाडी विकून टाकू, अन् तुमी माह्यासंगं अकोल्याले चला. बाप जेवला का नाई हे रोज फोनवर विचारून थकली मी."

संध्याकाळी दोघं बाजारात जाऊन आली. वर्षाली डाव्या सीटवर बसली होती. अंगानं ती आईसारखीच. निघण्याआधी खुशालरावांनी फटीत बोटं घातली तर बरोबर चार. आता आवाज येणार नाही, असं त्यांनी मनाशी धरलं.

पहिल्याच खड्ड्यात कट् झालं.

 दुसऱ्या दिवशी खुशालरावांनी वच्छलेच्या वजनाइतकं, मोजून बावन्न किलोचं पोतं त्याच सीटवर ठेवून पाहिलं. तरी तेच. रबराला वजन कळतं, उंची कळते. त्यावर कोण बसलंय हे रबराला कळायचं काही कारण नव्हतं. तीस वर्षांत त्यांचं गणित असं कधी फसलं नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी वर्षाली घरात भाजी निवडत होती. खुशालरावांनी शेडमध्ये गाडी खड्ड्यावर घेतली, पोतं काढलं, दारं लावली आणि खाली उतरले. पत्रा तापून कडकड वाजत होता. बोल्टला पाना लावला आणि बराच वेळ ते नुसते धरून उभे राहिले. मग त्यांनी जोर दिला.

बोल्ट सुटला. आता पिळलेलं रबर मोकळं होऊन गाडी केसभर वर यायला हवी होती.

गाडी वाकली. जराशी.



मग पुन्हा वाकली. चांगली.

डोक्यावर सीटची स्प्रिंग बसता बसता करकरली. शेडमध्ये कुणी आलं नव्हतं. दाराचा आवाज झाला नव्हता.

वर जाऊन पाहावं, असं त्यांना फार वाटलं. आणि पाहिलं तर सीट रिकामीच दिसेल, याची त्याहून जास्त भीती वाटली.

"बस जराशी," ते खालूनच म्हणाले. "झालंच."

त्यांनी बोल्ट कसला. नेहमीसारखाच पक्का. वर येऊन सीटकडे न बघता त्यांनी फटीत बोटं घातली. चार. नंतर गाडी कच्च्या रस्त्यानं कालव्यापर्यंत नेऊन आणली. एकदाही वाजली नाही.

पौर्णिमेला वर्षालीच म्हणाली की गाडी सुधारलीच आहे तर कौंडण्यपूरच्या यात्रेला जाऊन येऊ. वच्छला दरवर्षी तिथं हार विकायला बसायची. ती गेल्यापासून खुशालराव तिकडे फिरकले नव्हते. वर्षालीनं पुढचं दार उघडायला हात घातला तसे ते म्हणाले, "मांगं बस, बाई."

तिला राग आला, पण बसली. अख्ख्या रस्त्यात गाडी मुकी होती. खुशालराव मात्र खड्डा आला की हळू घेत होते, पोटुशी बाई बसल्यासारखं.

वर्धेच्या काठी लिंबाखाली त्यांनी गाडी उभी केली आणि चावी काढली. दोघंही बसलेलीच होती. गाडी एकदा चांगली वर आली आणि मग जराशी.

"बाबा," वर्षाली म्हणाली, "गाडी हालली."

"हो," ते म्हणाले.

दर्शन झालं, अकोल्यातल्या नातवाला, वर्षालीच्या पोराला, खेळणं घेतलं. हारवाल्यांच्या रांगेशी खुशालराव थोडा वेळ थांबले आणि पुढे झाले. उन्हं कलली तशी दोघं गाडीपाशी परतली. खुशालराव डाव्या चाकाशी उकिडवे बसले आणि त्यांनी फटीत हात घातला. पाच बोटं.

"चला न बाबा. अकोल्याची गाडी चुकीन माही."

"येऊ दे तिले."

"कोनाले?"

ते नदीकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षालीनं दोन वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं, बायकोला बाजारात उशीर झाल्यावर नवऱ्याच्या तोंडावर येतो तसा साधा त्रागा.  म्हाताऱ्याला आता इथून न्यायलाच हवं, असं तिनं पक्कं ठरवलं आणि पुढच्या दाराची मूठ धरली.

तिच्या हाताखाली गाडी जराशी वाकली. टोपलीपुरती.

वर्षालीनं मुठीवरचा हात काढला आणि मागचं दार उघडलं.