कोरडं फडकं

काळ्या गाडीला काही लपवता येत नाही. पांढऱ्या गाडीवर वर्षानुवर्षांचे ओरखडे खपून जातात. काळीवर कुणी धुळीचा हात फिरवला तरी उन्हात दिसतो. म्हणून पाथर्डी फाट्यावरचे बाकीचे पॉलिशवाले काळी गाडी आली की तोंड वाकडं करतात. मला मात्र काळीच आवडते. जे आहे ते तोंडावर सांगते, माझ्यासारखं.

आवेज, माझा नवरा, गेल्यावर हे दुकान मी बंद करावं असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. सगळ्यांत मोठा आवाज हारुनभाईंचा, म्हणजे माझ्या जेठांचा, आवेजच्या मोठ्या भावाचा. गाळा त्यांच्या नावावर, एक किल्ली त्यांच्याकडे.

"मासूमा, बाईमाणसानं मशीन धरून गाड्या घासायच्या? लोक काय बोलतात, माहितीये?"

"लोक गाडी चमकली का एवढंच विचारतात, भाईजान."

शेवटी थंडीच्या सुरुवातीला त्यांनी सरळ सांगून टाकलं. यापुढे एक जरी गाडी बिघडली, एक जरी गिऱ्हाईक तक्रार करत आलं, की गाळा खाली करायचा. मी म्हटलं, चालेल. माहेनूर, माझी मुलगी, आठवीत आहे. ती दारात उभी राहून ऐकत होती. तिच्यासमोर मला माघार घ्यायची नव्हती.

त्याच आठवड्यात संजना मॅडम आल्या. गंगापूर रोडला राहणाऱ्या वकील. गाडी त्यांच्या वडिलांची, जुनी पण देखणी, काळी कुळकुळीत. शनिवारी मुलीच्या साखरपुड्याला त्यांना तीच हवी होती. मी बॉनेटवर दिवा धरला आणि उजेडाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं उठलं. छतावर तेच, दारांवर तेच, हँडलमागच्या खोबणीतसुद्धा तेच. नख फिरवून पाहिलं. कुठं अडकलं नाही, म्हणजे रेघा वरच्या पारदर्शक थरातच होत्या, निघण्यासारख्या.

"रोज कोरड्या फडक्यानं पुसतात ना?" मी विचारलं. रात्रभराच्या धुळीवर कोरडं फडकं गोल गोल फिरवायचं, ही आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांची जुनी खोड. धूळ म्हणजे बारीक रेतीच. गाडी पुसली जात नाही, घासली जाते.

मॅडम हसल्या. "आमचे सहादूदादा. पेठ तालुक्याकडचे, पप्पांच्या वेळेपासूनचे. सांगून सांगून थकले मी. म्हणायचे, 'पानी लावला का डाग राहतो, ताई.' उजाडायच्या आत गाडी पुसून तयार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"मग आता त्यांना एकदा माझ्याकडे पाठवा. मी समजावते."

"ते गेले. पावसाळ्यात." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "तेव्हापासून गाडी उभीच आहे. तरी रेघा वाढतायत असं मला वाटतं. आधी दोन ठिकाणी दिली होती. दोघांनी परत केली, आणि कारण काही धड सांगितलं नाही."

दोघांनी परत केली म्हटल्यावर मला चेवच आला.

गाडी धुतली, रंगाला चिकटलेला कचरा काढला, रबराच्या कडांना टेप लावली. पॅडवर कंपाउंडचे, म्हणजे घासायच्या मलमाचे, ठिपके घेऊन मशीन अगदी सावकाश फिरवलं, पत्रा तापू न देता. शेवटी स्पिरिटनं पुसून घेतलं. कंपाउंडच्या तेलानं रेघा नुसत्या बुजतात आणि गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत वर येतात. ती लबाडी मी करत नाही. संध्याकाळी बॉनेटमध्ये छताची ट्यूब सुरीच्या पात्यासारखी सरळ दिसत होती. शटर ओढलं आणि घरी आले.

सकाळी दिवा धरला तर रेघा परत आलेल्या. पहिल्याइतक्याच, गोल, दाट.

माझ्या मनात पहिलं नाव आलं ते हारुनभाईंचं. किल्ली त्यांच्याकडे होती आणि कारणही. मी नवं कुलूप आणलं, गाडी पुन्हा पॉलिश केली, आणि संध्याकाळी त्यांना तोंडावर विचारलंसुद्धा. ते इतके दुखावले, की माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर आले. कुलूप जागच्या जागी होतं. आत दिवा धरला. रेघा होत्या.

पण मला घाबरवलं ते रेघांनी नाही. हायवेची धूळ शटरखालून येते. फरशीवर होती, मशीनवर होती, शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर बोट उमटेल इतकी होती. काळ्या गाडीवर धुळीचा कणही नव्हता.

"परत दे ही गाडी," हारुनभाई हळू आवाजात म्हणाले. "ते दोघं काय येडे होते?"

"परत दिली तर गाळा?"

ते खिशातली किल्ली चाळवत राहिले.

"मग नाही देत."

रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे. वरचा थर आता इतका पातळ झाला होता, की तो आणखी एकदाच मशीन सोसणार होता. त्यानंतर थर फाटून खालचा रंग उघडा पडला असता, आणि तो कुणाच्या बापाला भरून काढता आला नसता. शुक्रवारी ते शेवटचं पॉलिश मी केलं. शनिवारी घरीच फजरची नमाज पढले आणि अंधारातच दुकानात आले. दिव्याखाली गाडी अजून साफ होती, वर धुळीचा पातळ पापुद्रा. शटर आतून लावून घेतलं आणि बॉनेटसमोर स्टुलावर बसले.

बाहेर ट्रकांची वर्दळ सुरू झाली. शटरच्या फटीतून करडा उजेड आत आला.

आधी वास आला. बिडीचा, आणि कुबट सुती कापडाचा.

मग बॉनेटवरची धूळ एका जागी सरकली. गोल. परत गोल. आवाज कसलाच नाही.

मी भ्याले. खोटं कशाला सांगू? पण त्या धुळीखाली माझं काम होतं, आणि रागही तितकाच आला. उठले आणि तळहात बॉनेटवर सपाट ठेवला.

ते माझ्या हातापर्यंत आलं. थांबलं नाही. खरखरीत, कोरडं काहीतरी माझ्या बोटांवरून गेलं, एकेका बोटावरून, सांधी न चुकवता. अगदी मन लावून.

मी हात काढला नाही.

"सहादूदादा," मी म्हटलं. "गाडी माझ्या ताब्यात आहे. माझ्या कामावर हात फिरवायचा नाही. पुसायची एवढीच हौस असेल तर माझ्या घरी या. तिथं पुसायला पुष्कळ आहे."

ते थांबलं.

मग वास गेला. त्या दोन-तीन फेऱ्यांच्या पुसट रेघा मी मशीन न लावता, हातानंच काढल्या.

दुपारी संजना मॅडमनी गाडीत आपला चेहरा पाहिला आणि पदर नीट केला. "दादा असते तर त्यांनाही पटलं असतं," त्या म्हणाल्या. हारुनभाईंनी गाडीला चक्कर मारली, वाकून पाहिलं, आणि खिशातली किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. ती आता कुठल्याच कुलुपाला लागत नव्हती, पण ठेवली, हे मोठंच झालं. त्या दिवशी मी घरी बिर्याणी केली. जिंकले होते मी, आणि ते लपवण्याइतकी मी गरीब स्वभावाची नाही.

मॅडमचा परवा फोन आला होता. गाडी अजून तशीच आहे, एक रेघ नाही.

घरही हल्ली स्वच्छ असतं. कपाटावर, टीव्हीवर, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा धूळ दिसत नाही. माहेनूरला अखेर शहाणपण आलं, असं मी धरून चालले होते.

आज सकाळी ती चहात खारी बुडवत बसली होती. मान वर न करता कुरकुरली, "अम्मी, रोज पहाटे माझं तोंड पुसतेस ते पुसतेस, कपडा तरी ओला करून घे ना. खरखर लागतं."

मी कप खाली ठेवला. तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीतल्या उन्हाकडे वळवला.

दोन्ही गालांवर होत्या, बारीक, गोल रेघा. कपाळावर, मिटलेल्या पापण्यांवर. कानांच्या मागची जागासुद्धा सुटली नव्हती.