अर्ध्या रक्ताची पिल्लं

पाण्यात रक्त सांडलं की आता मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, आधी पहारेकरी पोचतो, हे किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. होडीएवढं लोखंडी धूड, पुढे दोन पाती. त्याला डोळे नाहीत. प्रत्येक जीव आपल्या कातडीचे कण पाण्यात सोडत असतो. त्या कणांतली जनुकं हुंगून तो कोण कुठे आहे ते ओळखतो. शास्त्रज्ञ याला जनुकवास म्हणतात.

हा सगळा खटाटोप गिटारमासा वाचवण्यासाठी. पुढून चपटी पाकट, मागून मुशी, असं त्याचं रूप. त्याच्या दोन प्रजाती, सख्ख्या बहिणींसारख्या. टोकदार नाकाची जवळजवळ संपलेली, तिला हात लावायचा नाही. बोथट नाकाचीही घटतेच आहे, पण ती थोडीफार धरता येते.

होडीचा तांडेल भानुदास तरे याच्या जाळ्यात आज बोथट नाकाची गाभण मादी येऊन मेली. पोटातली चार पिल्लं मात्र जिवंत होती. अशी पिल्लं वरून फेकायची नाहीत, तांडेलाने स्वतः पाण्यात उतरून सोडायची, ही गावाची रीत. भानुदास उतरला.

होडीवर तपासणीला आलेल्या डॉ. शाल्मली भिडेने पहारेकऱ्याने हुंगलेलं दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं आणि ती किंचाळली, "तांडेल, सोडा ती! बाप टोकदार नाकाचा आहे!"

"मंग बरंच की, बाय. दोनी जाती वाचतील."

"दुर्मीळ प्रजातीत भेसळ नको म्हणून संकर मारायला शिकवलंय पहारेकऱ्याला. मीच शिकवलंय!"

पहारेकरी खालून आला. दोन पिल्लांचा चेंदामेंदा झाला. भानुदासने उरलेली दोन छातीशी आवळली. पात्याने त्यातलं एक नेलं आणि सोबत त्याची तीन बोटंही. तो गुरासारखा ओरडला, पण शेवटचं पिल्लू सोडेना.

शाल्मलीने काखेत हात घालून त्याला होडीत ओढलं. तेवढ्यात पिल्लाच्या वासाने मागोमाग आलेल्या पहारेकऱ्याचा होडीच्या तळावर तडाखा बसला, फळी फुटली आणि पाणी आत आलं.

"टाका ते!"

"नाय टाकनार! बंद कर तुजा राक्षस!"

"तो हुकूम किनाऱ्यावरून येतो. तोवर बुडू आपण."

"याच्या बापासारकी अजून किती हायत?"

शाल्मलीने फुटक्या फळीवर पाय दाबला. "तो एकटाच. माद्या संपल्या."

दुसरा तडाखा बसला. तिने पिल्लू हिसकावलं आणि फेकलं. खाली क्षणभर पाणी घुसळलं, मग सगळं शांत झालं. तिला स्वतःची किळस आली. ओढणी फाडून ती भानुदासचा हात बांधू लागली.

भानुदास पाण्याकडे बघत राहिला. "माज्या पोरीनं जातीभायेर लगीन केलं," तो म्हणाला. "तिच्या पोराला मी अजून घरात घेतला नाय."

पडद्यावरचा ठिपका दूर सरकत होता. पहारेकरी त्या एकट्या नराकडे परत निघाला होता, त्याच्याजवळ दुसऱ्या जातीची कुठली मादी फिरकू नये म्हणून.