सोवळी नाडी

"आज पुन्हा तीनदा लावावं लागलं बोट. रुसलाय मेला माझ्यावर," केतकीआत्या पदरानं फोनची काच पुसत पुटपुटल्या. तेवढ्यात काच उजळली, आणि वाळवेकरांची हळदीची वखार आणखी एका दिवसापुरती श्रीमंत झाली.

शेजारी रिया, त्यांची लाडकी भाचेसून, म्हणजे धाकट्या भावाची सून, बाळाला पाजत बसली होती. तिनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

त्या काळात इंटरनेटच्या जाळ्यावर ठेवलेला पैसा टिकत नसे. कितीही लांबलचक पासवर्ड लावा, चोरांची यंत्रं तो चहा निवेपर्यंत उघडत. म्हणून घराचं कूटचलन, म्हणजे नोटा-नाण्यांशिवाय निव्वळ गणितावर चालणारा पैसा, एका जुन्या मोबाइलमध्ये राही. हा मोबाइल जाळ्याला कधी जोडायचाच नाही. देणंघेणं करायचं तर फोनला फोन टेकवायचा. आणि त्याची किल्ली म्हणजे माणसाच्या हृदयाचे ठोके. दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित मागेपुढे होत असतं, आणि ती चाल ज्याची त्याची. रोज बोट ठेवलं की फोन ती शिकत राही.

पण ठोके तरी गुपित कुठे राहिले होते? पहिल्या वर्षातच मुलाच्या मनगटात नाडीमणी बसे. तांदळाच्या कणीएवढी ही चिप प्रत्येक ठोका जाळ्यावरून सरकारी दवाखान्याला कळवी. तिनं लाखो जीव वाचवले, हे कबूल करायलाच हवं. मात्र जाळ्यावर गेलेला ठोका चोरांच्याही हाती पडे. तेव्हा किल्ली व्हायला असं माणूस लागे, ज्याची नाडी जाळ्यानं कधी पाहिलेलीच नाही. लोक त्याला 'सोवळं' म्हणत. पैसेवाल्या प्रत्येक घरात असं एक माणूस लपवलेलं असे, आणि का कोण जाणे, ते बहुधा बाईमाणूस असे.

मणी सक्तीचा झाला तेव्हा केतकीआत्यांचं लग्न नुकतंच मोडलं होतं. "तू नंतर बसव," एवढंच घरचे म्हणाले. मण्याशिवाय नोकरी नाही, रेल्वे नाही, लग्नाची नोंद नाही. सणाला पहिलं ताट मात्र त्यांचं.

डॉ. रुबिना मुजावर मिरजेहून घरी आल्या, त्या रबरी नळीचा जुनापुराणा स्टेथोस्कोप घेऊन. दवाखान्यातल्या यंत्रानं तपासलं असतं, तर ठोका जाळ्यावर गेला असता.

"ठोके मध्येच थांबतायत," त्या आत्यांच्या धाकट्या भावाला, ओंकाररावांना म्हणाल्या. "पेसमेकर बसवायला हवा. याच आठवड्यात."

"मग फोन?"

"पेसमेकरचा ठोका घड्याळासारखा पडतो. फोन म्हणेल, या बाई कोण?"

"आणि नाही बसवला तर?"

"तर एक दिवस बाईही नसतील आणि फोनही उघडणार नाही." डॉक्टरांनी नळी गुंडाळली. "दोघांची बोटं एकदम ठेवली, तर फोन नवी नाडी शिकतो. दुसरं कुणी सोवळं आहे घरात?"

ओंकारराव अंगणात वाळत घातलेल्या हळदीकडे बघत राहिले. "बघू. बारसं होऊन जाऊ दे."

"माझ्या छातीचा आणि बारशाचा काय रे संबंध?" आतून आत्यांनी विचारलं.

बाळाला सख्खी आत्या नव्हती, म्हणून नाव केतकीआत्यांनीच कानात सांगितलं: उर्वी. पाठीत बुक्क्या बसल्या, त्याही त्यांनी हसत खाल्ल्या. घुगऱ्या घेऊन बायका पांगल्या, तेव्हा ओंकाररावांनी तबकातून फोन आणला.

"ताई, बोट ठेव. उद्या तुला मिरजेला नेतो. तुझ्या जिवासाठीच चाललंय हे."

"आणि हिला मणी कधी?"

"लहान आहे गं अजून."

"शाळेत घालायच्या आधी?"

"शुभ दिवशी कशाला तो विषय..."

"मलाही 'नंतर' म्हणाला होतात. त्या 'नंतर'ची वाट बघत म्हातारी झाले." आत्यांना धाप लागली. "मला जगायचंय, ओंकार. मी काही देवी नाही. पैसा गेला तर गेला म्हणा, आत्ता तशीच चालते मिरजेला. नाहीतर हिचं काय करणार आहात ते तोंडानं बोला. त्याशिवाय मी बोट ठेवायची नाही."

पैसा गेला तर गेला, असं कुणी म्हणालं नाही. ओंकारराव तबकातल्या अक्षता एका बाजूला सारत बसले. काच मंद होऊ लागली.

रियानं मांडीवरच्या बाळाची मूठ उलगडली आणि इवलंसं बोट काचेवर टेकवलं.

"हिला मणी कधीच बसवायचा नाही," ती म्हणाली. "ही जन्मभर तुमच्या जागी बसणार, आत्या. ठेवा बोट."