काचेला दम

१९ नोव्हेंबर. आकाश निरभ्र, ऊन कोरडं, वारा पडलेला.

आज तळघरातल्या खोलीत हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला. गेला महिना याच खोलीच्या मागे आहे. गळका पाइप बदलला, फुगलेला गिलावा खरवडून नवा केला. घर उतारावर असल्यामुळे मागच्या गल्लीतून इथे एकही पायरी न चढता येता येतं, आणि ताईच्या गुडघ्यांना आता तेवढंच झेपतं. पण तिला दमा आहे. डॉक्टरांनी सांगून टाकलंय, ओल गेली तर इथे राहा, नाहीतर लेकीकडे परगावी. ताईला जायचं नाही.

बाबा इथे बसून चष्म्याच्या काचा घासायचे. काच तोंडाशी धरून 'हाऽ' करायचे, वाफ धरली की सदऱ्याच्या टोकाने पुसायचे. "दम काचेला द्यावा, पोरांना नाही," म्हणायचे. आम्हाला खरंच कधी दिला नाही. ओल्या भिंतीचा आणि पॉलिशच्या लाल पुडीचा तो वास मला अजून आवडतो, हे ताईला सांगायची सोय नाही.

वायरमनने दुपारी पंखा सुरू केला. वास विरळ होऊ लागला, ओल मोजणाऱ्या यंत्राचा काटा ऐंशीवरून उतरू लागला. तेवढ्यात झरोक्याच्या काचेवर वाफेचा एक गोल उमटला, चष्म्याच्या भिंगाएवढा. विरला. पुन्हा उमटला. बाहेरून कुणी पोर काचेवर वाफ सोडत असेल, असं म्हणत वायरमनने कपाळावरचा घाम पुसला. मग काचेला बोट लावून पाहिलं. वाफ आतल्या बाजूने होती. पक्कड पिशवीत टाकून तो चहाला न थांबता गेला.

ताई येऊन खाटेवर बसली. गोल दर खेपेला लहान होत होता.

"बंद कर तो पंखा," ती हळूच म्हणाली.

"अगं, तुझा श्वास..."

"आणि त्यांचा ओढतोयस, तो...?"

तिची छाती शिट्टीसारखी वाजत होती. मी बटणापर्यंत हात नेला आणि मागे घेतला. ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने चष्मा काढला. त्याची डावी काडी कित्येक वर्षं वाकडी आहे. उद्या करून देतो म्हणाले होते बाबा, आणि त्यांचा उद्या उजाडलाच नाही. दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नव्हता. चष्मा झरोक्याखालच्या फळीवर ठेवून ती म्हणाली, "मग हे तरी करून जा, बाबा."

ती भिंतीकडे तोंड करून पडली. मी स्टुलावर बसून राहिलो. पंख्याची घरघर... आणि त्या घरघरीत एकदा, अगदी आमच्या दोघांच्या मधे... 'हाऽ'.

मी मान वर केली नाही. ताईही हलली नाही.

संध्याकाळी काटा अठ्ठेचाळीसवर होता. ताईला पंप घ्यावा लागला नाही. झरोक्याची काच कोरडी. चष्म्याची डावी काडी सरळ. काचा कोमट.