मागच्या बाजूच्या सात ओळी

शिवणबाई आल्या त्या उभ्याउभ्याच बोलायला लागल्या. बसा म्हटलं तर म्हणाल्या, बसायला वेळ कुठे आहे, पाच वाजता पाथरवट हत्यारं गुंडाळून जाईल.

टाचणीने खुर्ची पुढे ओढली आणि नुसतं बघितलं. शिवणबाई बसल्या.

टाचणी हे तिला लोकांनी ठेवलेलं नाव. पन्नाशीची, काडीसारखी बाई. आधी कोर्टात हस्ताक्षरं तपासायची, आता लोकांच्या भानगडी तपासते. कोपऱ्यात चहा फुंकत बसलेले गृहस्थ म्हणजे तिचे सख्खे मामा, रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. उभा जन्म लोकांची तिकिटं बघण्यात गेला, त्यामुळे आपल्यालाही तपासातलं कळतं असा त्यांचा पक्का समज होता.

हकिगत अशी. जुन्या छापखान्याच्या दारात दगडी फलक बसत होता. युद्धावर गेले आणि परत आले नाहीत अशा अकरा कामगारांची नावं त्यावर कोरायची होती. उद्या सकाळी दहाला अनावरण. त्यातले एक शिवणबाईंचे दादा, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पन्नास वर्षांपूर्वी तार आली होती, बेपत्ता, मृत समजावे. तेव्हा शिवणबाई बारा वर्षांच्या.

गेल्या आठवड्यात छापखान्याच्या पेटीत कुणीतरी एक निनावी पाकीट टाकलं. आत दादाचं पत्र. ते वाचून मॅनेजरने दादाचं नाव काढलं आणि पत्र शिवणबाईंच्या हाती दिलं. दगडावर दहा नावं कोरून झाली, एक जागा कोरी राहिली.

मामांनी चष्मा चढवला आणि पत्र मोठ्याने वाचू लागले. कागद एकच, पिवळा पडलेला, मजकूर पेन्सिलीचा. पुढच्या बाजूला बूट चावतात, डाळीत पाणी जास्त, असलं रोजचं. "काल आम्ही..." इथे मामा अडले. गावाचं नाव ब्लेडने चौकोनी कापलं होतं. "...ला पोचलो, इथे थंडी फार." खाली कोपऱ्यात कुणा साहेबाची सही.

मग कागद उलटा केला. मागे सातच ओळी. त्या मात्र मामांनी एका दमात वाचल्या. "माझ्याने माणूस मारवत नाही. आज रात्री मी निघून जातो आहे. आईला सांग, मी जिवंत आहे. मला शोधू नका."

शिवणबाईंनी कागद हातात घेतला.

"अक्षर दादाचंच," शिवणबाई म्हणाल्या. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी रेघ, शब्दभर सलग रेघ म्हणून नाहीच. खिळे जुळवून जुळवून त्याचा हातच तसा झाला होता.

"तुम्हाला काय हवंय?" टाचणीने विचारलं.

"पळाला असेल तर तो जगला. मग कुठे जगला ते मला हवंय. पळाला नसेल तर त्याचं नाव दगडावर हवंय. दोन्हीतलं एक. हे मधलं लोंबकळणं मला सहन होत नाही."

मॅनेजर चाळिशीचा, घामाघूम झालेला माणूस. पाकिटावर एक अक्षरही नव्हतं, एवढंच तो सांगू शकला. पुरावा पाचच्या आत आणा, लगेच कोरायला सांगतो, म्हणाला. मामांना तो लबाड वाटला. बाहेर आल्यावर टाचणीने आठवण करून दिली की तो बिचारा त्या वेळी जन्मालाही आला नव्हता.

तिथून ते शिवणबाईंच्या घरी गेले. घरात त्या आणि त्यांची वहिनी, दादाची बायको, दोघीच. वहिनी बहात्तर वर्षांची, कमी बोलणारी. सासूबाईंनी एकदा पत्र दाखवलं होतं, बाकी आपल्याला ठाऊक नाही, म्हणाली. तारेनंतर सासूबाईंनी अंथरूण धरलं, अन्न सोडलं. पुढे त्या सावरल्या आणि अकरा वर्षं जगल्या. शिवणबाईंनी मध्येच सांगितलं की त्या दिवसांत पोस्टमनला वहिनीच गाठायची, आईला तर दारापर्यंत चालवतही नव्हतं.

टाचणीने एक साधंच काम सांगितलं. नाव कोरायची वेळ आलीच तर पाथरवटाला कागदावर स्वच्छ लिहिलेलं लागेल. वहिनीने ते लिहून दिलं. मूळचं फारसं येत नव्हतं, लग्नानंतर त्यांनीच शिकवलं, असं ती लिहिता लिहिता म्हणाली.

मग सुभेदार. हे दादाचे मित्र, पण दुसऱ्या तुकडीत होते. उजव्या हाताची तीन बोटं युद्धात गेली, तेव्हापासून त्यांनी पेन्सिल धरलेली नाही. पाकीट मीच टाकलं, हे त्यांनी विचारण्याआधीच कबूल केलं. दादाच्या आईने ते पत्र त्यांच्याकडे लपवायला दिलं होतं, लष्कराचे लोक घराची झडती घेतील म्हणून.

"माझा धाकटा भाऊ आहे त्या दगडावर," सुभेदार म्हणाले. "तो जागचा हलला नाही. पळालेल्याचं नाव त्याच्या शेजारी कसं बघू?"

आघाडीवरून पत्रं कशी यायची, हे टाचणीने त्यांना खोदून खोदून विचारलं. प्रत्येक पत्र साहेब वाचायचे, गावाचं नाव दिसलं की कापायचे, सही करून पाकीट स्वतः चिकटवायचे.

"संपलं," मामा रस्त्यात म्हणाले. "हाच तो. जळफळाट दुसरं काय."

"मामा, तुम्ही सकाळीच कोडं सोडवलंत," टाचणी म्हणाली, "तुम्हाला पत्ता लागला नाही इतकंच."

सव्वाचारला सगळे शिवणबाईंच्या घरी जमले. सुभेदारही आले. टाचणीने पत्र टेबलावर ठेवलं.

"पळून जाण्याचा बेत साहेबांनी वाचला असता तर पत्र घरी आलं नसतं, दादा कोठडीत गेले असते. म्हणजे साहेबांनी सही केली तेव्हा मागची बाजू कोरी होती. पाकीट तेच चिकटवायचे, त्यामुळे नंतर तिकडे कुणाला लिहिता येणं शक्य नाही."

"अंदाज झाला हा," सुभेदार म्हणाले.

"मग हे बघा. पुढून नाव कापलं तेव्हा कागदाला आरपार भोक पडलं. मागे आधी लिहिलेलं असतं तर तिथलाही एखादा शब्द कापला गेला असता. मामा पुढच्या बाजूला अडखळले, मागे कुठेच अडखळले नाहीत. शब्द भोकाच्या अलीकडे थांबतात आणि पलीकडून पुढे सुरू होतात. लिहिणाऱ्याच्या हातात कागद आला तेव्हा भोक होतंच."

मामांनी कागद उजेडाला धरला आणि खाली ठेवला. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"म्हणजे हे घरात लिहिलं गेलं," टाचणी हळू आवाजात म्हणाली. "पत्रं तारेपेक्षा उशिरा पोचतात. तार आधी आली, हे पत्र मागून. पोस्टमनला एकच माणूस भेटत होतं. आणि दादांनी ज्यांना अक्षर शिकवलं, त्यांच्या अक्षरांच्या डोक्यावरही सुट्या रेघा असतात." तिने दुपारचा कागद पत्राशेजारी ठेवला.

वहिनीने नाही म्हटलं नाही.

"सासूबाईंनी नऊ दिवस अन्न घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "त्या रात्री त्यांनी भात खाल्ला."

सुभेदारांनी मान खाली घातली. मग अख्खा आठवडा गप्प का राहिलात, असं मामांनी विचारलं. वहिनी नणंदेकडे बघत राहिली. पत्र वाचलं त्या दिवशी शिवणबाई शरमल्या होत्या, आणि त्याच संध्याकाळी मशीनवर बसून कितीतरी वर्षांनी गुणगुणत होत्या. ते वहिनीने ऐकलं होतं.

"वन्सं, तुमच्याकडूनही तो हिरावून घ्यायचा, हे माझ्याने होईना."

शिवणबाई उठल्या. मॅनेजरला फोन लावला, नाव कोरा म्हणाल्या, पुरावा घेऊन माणूस निघतोय. आवाज अगदी सरळ होता. मामा पत्र घेऊन निघालेच. फोन ठेवून त्या वहिनीशेजारी येऊन बसल्या.

"आई अकरा वर्षं वाट बघत होती," त्या म्हणाल्या. "मग तू रडलीस कधी?"

वहिनीने जरा वेळ विचार केला, खरोखरच आठवून बघावं तसा.

"कुठे रडणार? सासूबाई घरातच असायच्या. त्या गेल्या तेव्हा लोक आले, ते त्यांच्यासाठी. माझं राहूनच गेलं."

शिवणबाईंनी तिला जवळ घेतलं. टाचणीने सुभेदारांना खूण केली, दोघं बाहेर पडले आणि तिने मागे दार ओढून घेतलं.